परबांचा हात हलत नाही

रियाधमधले तमाम मराठी बंधू-भगिनी, त्यांचे कफील म्हणजे व्हिसाचे धनी, आणि इतर सर्व संबंधित यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे श्री. दत्ताराम परब यांचा उजवा हात हलत नाही. कोणी घाबरून जाऊ नये. हाताला काहीही झालेलं नाही. हात ठणठणीत आहे. तो हलवायचा नाही असं परबांनी ठरवलं आहे, इतकंच.

परब नेमबाज आहेत. हे वाक्य ते स्वतः उभे राहून म्हणतात, तेव्हा मीही ते उभं राहूनच लिहिलं आहे असं समजा. दहा मीटर, एअर पिस्तूल. समोर कागदावर एक काळं वर्तुळ असतं आणि त्याच्या मधोमध एक ठिपका, तोही चष्म्याच्या दुकानातल्या पाटीवरच्या शेवटच्या ओळीसारखा, म्हणजे आहे असं लोक सांगतात म्हणून मानायचा. त्या ठिपक्यात एक शिशाची बारीक गोळी घालायची. मग दुसरी. परबांच्या आयुष्यात यापलीकडे जे काही घडतं, ते वेळ काढायचा म्हणून.

तर हा उजवा हात शुक्रवारी क्लबमध्ये वापरायचा. बाकीचे दिवस तो राखीव. भाजीची पिशवी डाव्या हातात, लॅपटॉप डाव्या खांद्यावर, गॅसचा सिलिंडर माझ्या खांद्यावर. मंडळाच्या नवरात्रात ते गरबा खेळले, तो फक्त पायांनी. हस्तांदोलन अजिबात नाही. कोणी हात पुढे केला की परब उजवा तळवा छातीवर ठेवतात आणि मान किंचित झुकवतात. इथे ही फार खानदानी रीत समजली जाते. त्यामुळे आमच्या इमारतीचा सुदानी हारिस, म्हणजे रखवालदार, मला नुसती मान हलवून सोडून देतो आणि परबांसाठी उठून उभा राहतो. मी बँकेत आयटीचा मॅनेजर आहे, पण ते त्याला कोण सांगणार?

पोटासाठी परब अल खर्जच्या एका डेअरीत मोजमापाची यंत्रं सांभाळतात. म्हणजे बाटलीत ताक भरलं जातं, ते बरोबर भरलं गेलं का हे एक यंत्र बघतं, आणि ते यंत्र बरोबर बघतं का हे परब बघतात. अशा माणसाला छंद तरी दुसरा कुठला लागणार?

पिस्तूल राहतं क्लबच्या कुलपात आणि परब राहतात आमच्या डोक्यावर. ते घरी आणायला परवानगी नाही, असायलाही नको. पण सराव रोज हवा. म्हणून परब इस्त्री वापरतात. वजन साधारण तेवढंच भरतं, असं त्यांनी तोलून बघितलं आहे. बैठकीच्या भिंतीवर एक काळी टिकली चिकटवली आहे. संध्याकाळी परब तिच्यासमोर आडवे उभे राहतात, डावा हात खिशात घालतात, श्वास अर्धा सोडतात आणि इस्त्री रोखतात. माझी मुलगी सानिका एकदा मोदक द्यायला वर गेली आणि धावत खाली आली. "पापा, परब अंकल दीवार को इस्त्री दिखा रहे हैं." मी म्हटलं, मग भिंत काय म्हणाली? तर म्हणे, "शी इज स्केअर्ड."

नेमबाजीत म्हणे गोळी सुटल्यावर हात लगेच खाली घ्यायचा नसतो. निशाण्याकडे बघत तसंच उभं राहायचं. परबांनी हा नियम आयुष्याला लावला आहे. लिफ्टचं बटण दाबलं की दार उघडून बंद होईपर्यंत त्यांचं बोट बटणावर. अनोळखी माणसं त्यांच्याबरोबर तीनदा तळमजल्याला जाऊन येतात.

त्यांचं दुसरं मत आहे 'लॉट'बद्दल. कारखान्यातून गोळ्यांचे डबे येतात, त्यात एखादा लॉट चांगला निघतो, एखादा वाईट. परबांच्या मते हे जगातल्या सगळ्याच गोष्टींना लागू आहे. टोमॅटो मऊ निघाले? लॉट खराब. आमच्या बँकेत नवी पोरं आली आणि त्यांनी सर्व्हर झोपवला? "कुलकर्णी, लॉट खराब." मंडळाच्या नव्या कार्यकारिणीने पुण्यातल्या प्लॉटवर तासभर चर्चा केली आणि गणपतीच्या हॉलचा विषय राहूनच गेला, तेव्हा परब माझ्या कानात म्हणाले, "हा अख्खा डबाच परत पाठवायला हवा."

आणि स्वतःचा नेम चुकला की? लॉट खराब. तो चांगला असेल तर बुटाचा तळवा झिजलेला. बूट नवे असतील तर एसीचा झोत. क्लबने एसी बदलला तर खिडकीचा पडदा. एकदा त्यांनी शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या अत्तराला दोष दिला. मी विचारलं, वासाने गोळी वळते का? तर म्हणाले, "गोळी नाही वळत हो. मन वळतं. पण दोष हाताचा नाही, एवढं लिहून ठेवा." ठेवलं.

आता करंज्यांबद्दल सांगायला हवं.

तरुणपणी नोकरीनिमित्त परब काही काळ अमेरिकेत होते. तिथे एका सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये त्यांना रीलोडिंगचं वेड लागलं. उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी उचलून आणायची, घासूनपुसून घ्यायची, दारू तोलून भरायची, वर नवी गोळी बसवायची आणि तोंड दाबून घट्ट करायचं. हे बाजारात तयार मिळत नाही का? मिळतं की. पण तो प्रश्न परबांसमोर काढायचा नाही. "विकतचं काडतूस म्हणजे खानावळीचं जेवण, कुलकर्णी. पोट भरतं. हाताने भरलेलं काडतूस ते घरचं."

इथे परक्या माणसाला असले उद्योग करता येत नाहीत, आणि एअर पिस्तुलाला दारू लागतही नाही. पण ज्याच्या हाताला एकदा भरायची सवय लागली, तो रिकामी गोष्ट बघून गप्प बसेल कसा? दिवाळीत माझी बायको वैजू करंज्या करायला बसली आणि परब सहज खाली आले. समोर रिकाम्या पाऱ्या, बाजूला सारण. परबांचे डोळे भरून आले. ते वर गेले आणि आपला तो सोनाराकडे असतो तसला बारीक काटा घेऊन आले.

"वहिनी, सारण चमच्याने भरता?"

"मग कशाने भरायचं, भाऊजी?"

"अंदाजाने?" परब या शब्दाला खाली बसले.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात जे घडलं ते करंज्या करणं नव्हतं. प्रत्येक पारी उजेडात धरून तपासली गेली. ज्यांच्या कडा जाड, त्या बाद. सारण तोलून, वर एक खसखशीचा दाणा जास्त झाला तर काढून. कडा दाबायला त्यांनी कातणं वापरू दिलं नाही, "त्याने दाब सारखा पडत नाही," म्हणून स्वतः बोटांनी मुरड घातली. डाव्या हाताच्या. वैजूने गुपचूप एक करंजी आपल्या अंदाजाने भरून कढईत सोडली, ती फुटली, आणि परबांनी झाऱ्यावर ते प्रेत घेऊन सर्वांना दाखवलं. "ओव्हरचार्ज. माणूस आंधळा झाला असता." शेवटी करंज्यांचे दोन ढीग झाले. एक मॅचसाठी, एक सरावासाठी. मॅचच्या करंज्या पाहुण्यांना. सरावाच्या आम्हाला.

वैजू त्या दिवसापासून त्यांच्यावर चिडून आहे, पण एका बाबतीत ती त्यांची बाजू घेते. "भाऊजी वाढू दिलं तर संकोच करत नाहीत. तुमच्या बाकीच्या मित्रांसारखं नको-नको करून मग ताटभर खात नाहीत." हे खरं आहे. तिने "आणखी एक?" म्हटलं की परब ताट पुढे करतात. परत म्हटलं, परत पुढे करतात. ताट हवेत असतं आणि एक थेंब आमटी हलत नाही.

त्यांच्या घरी मात्र दुसरी वाढ नसते. सुनंदावहिनी आणि मुलगी पुण्याला गेल्या, मुलीचं कॉलेज सुरू झालं तेव्हा. तेव्हापासून परब एकटे आहेत आणि काट्यावर स्वयंपाक करतात. एका माणसाचा भात, एका माणसाची डाळ, तोलून. मी एकदा अचानक वर गेलो तर ते जेवून उठत होते. पातेली घासल्यासारखी स्वच्छ. "घ्या ना थोडं" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पातेल्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग जरा अभिमानाने म्हणाले, "उरतच नाही हो. एवढं बरोबर जमतं."

या वर्षी प्रकरण गंभीर झालं. परबांचं कंत्राट संपलं. पुढच्या महिन्यात फायनल एक्झिट, सामान आवरायचं आणि खलास. इतकी वर्षं क्लबच्या वार्षिक स्पर्धेत ते खेळले, दर वेळी पहिल्या फेरीत वर असायचे आणि अंतिम फेरीत घसरायचे. हा शेवटचा मोका. कप घेऊन येतो, असं त्यांनी पुण्याला कळवून टाकलं. सुनंदावहिनींनी शोकेसमधला काचेचा ताजमहाल काढून जागा केली आणि रिकाम्या फळीचा फोटो पाठवला. तो फोटो परबांनी मला दाखवला, हारिसला दाखवला, लिफ्टमध्ये अडकलेल्या एका फिलिपिनो बाईंना दाखवला.

तयारी भयानक होती. झोप वेळेवर. मिरची बंद. आणि चहा तर त्यांनी केव्हाच सोडला होता. "चहा म्हणजे नाडीत ढोल," ते सांगायचे. "छातीत एक ठोका पडला की पिस्तुलाचं टोक उडतं. तुम्हाला दिसणार नाही. मला दिसतं." आमच्या घरी ते गरम पाणी प्यायचे. वैजूने वेलदोडा घालू का विचारलं, तर त्यांनी आधी वेलदोड्याबद्दल वाचून घेतलं.

अशा माणसाबरोबर मी एका शुक्रवारी क्लबात गेलो. स्पर्धेच्या आधीची सरावाची मॅच होती. रेंजच्या बाहेर एक बैठकीची खोली आहे, भिंतीलगत गाद्या, मधे खजुराची थाळी. तिथे अबू फहद बसतात. क्लबचे सर्वात जुने सभासद, आता डोळ्यांमुळे खेळत नाहीत, पण दर शुक्रवारी कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, दल्ला घेऊन हजर असतात आणि येईल त्याला स्वतःच्या हाताने कहवा देतात. दल्ला म्हणजे ती लांब चोचीची पितळी किटली. पेला एवढासा, म्हणजे वैजू लहानपणी भातुकलीत वापरायची तेवढा.

"अहलन, या मुहंदिस," अबू फहद परबांना म्हणाले. इंजिनिअर म्हणून सगळे त्यांना मुहंदिसच म्हणतात. पेला भरला. परबांनी तो उजव्या हातात घेतला, प्यायला आणि धरून ठेवला. अबू फहदनी परत भरला. परबांनी प्यायला. परत भरला. मी खजूर खाता खाता बघत होतो. आधी मोजत होतो, मग मोजणं सोडून दिलं. चहाच्या वासाने खिडकी उघडणारा हा माणूस कहव्यामागून कहवा रिचवत होता, आणि अबू फहदचा चेहरा फुलत चालला होता, एखाद्या आजीला खाणारा नातू मिळावा तसा. बाकीचे खेळाडू दोन पेल्यांत उठून गेले होते.

मग परब रेंजवर गेले. आधी चांगले मारत होते, कहवा अंगात भिनला तसे चुकू लागले. बाहेर आल्यावर म्हणाले, "लॉट."

मी गाडीत विचारलं, "परब, कहवा कशाला पिता एवढा?"

"समोरचा माणूस देतो. नाही कसं म्हणणार? या लोकांत रीत असते."

मला लगेच सगळं कळलं. मी असा माणूस आहे, मला लगेच सगळं कळतं. रविवारी बँकेत माझ्या शेजारी बसणाऱ्या सौदी सहकाऱ्याला विचारलं. तो इतका हसला की त्याच्या डोक्यावरचा शिमाग घसरला. म्हणाला, अरे बाबा, पेला नुसता हातात धरला म्हणजे आणखी दे. पुरे झालं की मनगट जरासं हलवायचं, असं, डावी-उजवीकडे. यजमान पेला काढून घेतो. न हलवता बसलास तर रात्रीपर्यंत भरत राहील.

वाचकहो, तुम्हीच सांगा. संपूर्ण रियाधमध्ये एकच माणूस असा, ज्याने हात न हलवण्याची शपथ घेतली आहे. आणि त्याची गाठ पडली ती हात हलवल्याशिवाय न थांबणाऱ्या किटलीशी. वर्षानुवर्षं हरण्याचं कारण ना लॉट, ना एसी, ना अत्तर. मी त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून घरी आलो आणि पायऱ्या चढून तिसऱ्या मजल्यावर गेलो, कारण लिफ्टमध्ये परब असण्याची भीती होती.

परबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी स्टीलच्या वाटीने प्रात्यक्षिकही दाखवलं.

"असं होय," परब म्हणाले.

"एकदा हलवा आणि कप तुमचा."

"हं," परब म्हणाले, आणि इस्त्री उचलून टिकलीसमोर उभे राहिले. मला वाटलं, शोधाचा मोठेपणा पचवायला माणसाला वेळ लागतो.

स्पर्धेचा निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमची नाडी स्थिर राहील. परब पाचवे आले. कप एका लेबनीज दंतवैद्याने नेला. परबांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, दोन्ही हातांनी. मी वाट बघत होतो, पण लॉटबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. गोष्ट आहे ती त्याआधीची.

पहिल्या फेरीनंतर परब दुसरे होते. अंतिम फेरीच्या आधी सगळ्यांना विश्रांती मिळाली आणि आम्ही बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. मी मुद्दाम परबांच्या समोर बसलो, म्हणजे खुणा करता येतील. अबू फहद उठले. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं की मुहंदिस पुढच्या महिन्यात कायमचे जाणार, कारण आज ते परबांच्या शेजारीच येऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून. पहिला पेला भरला. परब प्यायले. दुसरा भरला. परब प्यायले.

मी भुवया उडवल्या. परबांनी पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिसरा भरला गेला. मी माझा पेला वर धरून मनगट हलवून दाखवलं, असं, डावी-उजवीकडे. अबू फहदनी लगेच हात लांब करून माझा पेला काढून घेतला. मी जेमतेम एक घोट घेतला होता.

परबांचा चौथा. पाचवा. अबू फहद अरबीत काहीतरी सांगत होते, बहुधा त्यांच्या ससाण्याबद्दल, आणि परबांना अरबी मोजकंच येतं, तरी ते मान हलवत होते. मान हलत होती. हात नाही. पेला हवेत असा होता की त्यावर टिकली लावून नेम धरावा. आतून रेंजचा माणूस येऊन सांगून गेला, यल्ला, सगळे आत चला. खेळाडू उठले. दंतवैद्य बोटं मोडत आत गेला. परब बसूनच.

मला पुण्यातली रिकामी फळी दिसत होती. न राहवून मी पुढे सरकलो आणि कुजबुजायला गेलो, पण माझी कुजबूज ही नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी आहे.

"अहो परब, कप पाहिजे ना तुम्हाला? मग हलवा तो पेला. परवा शिकवलंय की तुम्हाला. एकदाच हलवायचा, पुरे झालं म्हणून."

अबू फहद दल्ला तिरका धरून थांबले, भरू की नको, असे. परब चिडले की मालवणीत जातात, हे मला ठाऊक होतं. पण ते चिडले नव्हते. पेला त्यांनी तसाच पुढे धरला होता, नजर दल्ल्याच्या चोचीवर होती, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलून गेले,

"माका पयल्या वर्सापासून ठावक आसा रे मेल्या. पण एकदा हलवलंय, की मगे 'आणखी घेतंस?' म्हणान माका कोण इचारतला?"